पोर्शे ९११ घ्यायची ठरली, पण कुठली? कॅरेरा, टी, एस, जीटीएस, टर्बो आणि जीटी३ यांतून आपली गाडी निवडताना

आपल्याकडे गाडी घ्यायची म्हणजे आधी एलएक्सआय, मग व्हीएक्सआय, मग झेडएक्सआय. वरच्या मॉडेलमध्ये खालचं सगळं असतं आणि शिवाय चार गोष्टी जास्त. पैसे असतील तर टॉप मॉडेल घ्यायचं, नसतील तर मधलं. हा हिशेब डोक्यात इतका पक्का बसलेला असतो की ९११ घ्यायला निघालेली माणसंही पहिला प्रश्न तोच विचारतात, "टॉप मॉडेल कुठलं?"

मी पुण्याची, गेली काही वर्षं स्टुटगार्टजवळ लेओनबर्गला राहते. ९११ जिथे तयार होते तो झुफनहाउझेनचा कारखाना इथून जवळ आहे आणि वायसाखचं पोर्शेचं संशोधन केंद्रही. इथल्या रस्त्यांवर ९११ रोज दिसते. नोकरीत स्थिरावलेले आपले बरेच इंजिनिअर चाळिशीच्या आसपास ती सेकंडहँड घ्यायचा विचार करतात. मीही केला, आणि पाच-सहा व्हेरिएंट चालवून, एकदा मोठी चूक होता होता वाचून, शेवटी घेतली. या लेखात मुख्यतः ९९२ या पिढीबद्दल, म्हणजे २०१९ पासूनच्या गाड्यांबद्दल लिहिते. तिच्या दोन आवृत्त्या आहेत, २०२४ पर्यंतची पहिली आणि त्यानंतरची नवी. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे पहिल्या आवृत्तीचे समजा. नव्या-जुन्या दोन्ही मिळून आज बाजारात खरी निवड तिथेच आहे.

आधी नावं समजून घ्या

नावांनी सगळ्यात जास्त घोळ होतो. 'टर्बो' लिहिलेली तेवढीच गाडी टर्बोची, असं वाटतं. पण २०१५ मध्ये कॅरेराच्या इंजिनालाही दोन टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारे पंखे, आले. तेव्हापासून साधी कॅरेरा, टी, एस, जीटीएस या सगळ्या टर्बोच्याच आहेत आणि 'टर्बो' हे फक्त एका मोठ्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या मॉडेलचं नाव उरलं आहे. टर्बो नसलेली इंजिनं राहिली ती जीटी३ आणि तिच्या घरातल्या गाड्यांत.

'टी' म्हणजे टूरिंग. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ९११ टी ही स्वस्तातली ९११ होती, आजची टी मात्र साध्या कॅरेरापेक्षा महाग असते. 'टूरिंग' हाच शब्द जीटी३ लाही लागतो, तिथे त्याचा अर्थ मागचा उभा पंख काढलेली जीटी३. नावात ४ असेल तर चारही चाकांना ताकद, कॅब्रिओलेट म्हणजे कापडी छत, टार्गा म्हणजे मागे काचेचा घुमट आणि मध्ये रुंद पट्टा. एवढं कळलं की जाहिराती वाचता येतात.

पहिली पायरी: गेल्या महिन्यात कुठे गाडी चालवलीत ते लिहून काढा

हे काम कागदावरच करा. मनातल्या मनात केलं की प्रत्येकाला आपण रोज घाटात जातो असं वाटतं.

माझी यादी अशी निघाली: ऑफिसला जाऊन-येऊन आठवड्यातून तीनदा, बहुतेक रस्ता ताशी ५० ते १०० च्या मर्यादेतला. रविवारी पहाटे ब्लॅक फॉरेस्टमधला बे-५०० हा डोंगरी महामार्ग किंवा श्वेबिश आल्बच्या डोंगरातले छोटे रस्ते. वर्षातून दोन लांबचे प्रवास, एक आल्प्सकडे. मर्यादा नसलेला ऑटोबान महिन्यातून एखाद्या वेळी, तोही रहदारी नसेल तर. रेसट्रॅक शून्य.

जर्मनीत राहणाऱ्यांचं सगळं गणित ऑटोबानवर आधारलेलं असतं, म्हणून हे सांगते. साधी कॅरेरा ताशी २९३ ला पोचते, एस ३०८ ला. हे १५ किलोमीटर वापरायला जो रिकामा, कोरडा, सरळ रस्ता लागतो तो मला इतक्या वर्षांत मिळालेला नाही. आणि गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर, जिथे वळणं आहेत आणि गाडी चालवायची खरी मजा आहे, तिथे मर्यादा १०० ची आहे.

पुण्या-मुंबईत घेणार असाल तर यादी आणखी वेगळी निघेल. त्यात रंबलर, सोसायटीचा उतार आणि पावसाळ्यातले खड्डे असतील. त्याचं पुढे सांगते.

दुसरी पायरी: मागे कोण बसणार?

ही पायरी लोक गाळतात आणि मग सहा महिन्यांत गाडी विकायला काढतात.

९११ च्या मागच्या दोन सीट मोठ्या माणसासाठी नाहीत, पण लहान मुलं मजेत बसतात. ९११ विकत घेण्याचं हे फार मोठं कारण आहे. माझी लेक सात वर्षांची. जर्मनीत बारा वर्षांपर्यंत किंवा दीडशे सेंटीमीटर उंची होईपर्यंत मुलांना चाइल्ड सीट लागते, म्हणून मी शोरूममध्ये जाताना तिला आणि तिची सीट दोघांना घेऊन गेले. विक्रेत्याला वेळ लागणार आहे हे आधी सांगितलं. सीट मागे बसवली, लेकीला बसवलं, पट्टा लावला, मग पुढची सीट माझ्या उंचीला आणली. तिचे बूट माझ्या पाठीला टेकले. मी सीट दोन खाचा पुढे घेतली, तरी क्लच पूर्ण दाबताना गुडघा नीट वाकत होता. मग नवरा चालवायला बसला आणि तिच्या पायांना जागाच उरली नाही. तेव्हा ठरलं: तिला बरोबर न्यायचं तर ती माझ्या शेजारच्या सीटमागे बसणार आणि शेजारचा माणूस सीट पुढे घेऊन बसणार. दहा मिनिटांत निकाल लागला.

आता व्हेरिएंटकडे या. ९९२ च्या पहिल्या आवृत्तीतल्या टीला मूळ स्वरूपात मागच्या सीट नसतात. त्या ऑर्डर देताना मागाव्या लागतात, वेगळे पैसे पडत नाहीत, पण पहिल्या मालकानं मागितल्या नसतील तर सेकंडहँड गाडीत त्या मिळणार नाहीत. पहिल्या आवृत्तीतल्या जीटी३ त मागे सीट नाहीतच. २०२४ नंतरच्या नव्या आवृत्तीत कॅरेरा कूपेही (पक्क्या छताची) मूळ स्वरूपात दोन सीटची येते, मागच्या सीट मागितल्या तर फुकट मिळतात. जाहिरातीतल्या फोटोंत मागची बाजू दिसत नसेल तर फोन करून विचारा.

तिसरी पायरी: ताकदीचे आकडे नीट वाचा

कॅरेरा ३८५ अश्वशक्ती, टी तेवढीच, एस ४५०, जीटीएस ४८०, जीटी३ ५१०, टर्बो ५८०, टर्बो एस ६५०. ही रांग पाहिली की ती शिडीच वाटते. पण शेजारी टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, लिहा आणि तो कुठल्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, मिळतो तेही लिहा. कॅरेराला ४५० न्यूटन मीटर १९५० आरपीएमपासूनच मिळतात. एसला ५३०, २३०० पासून. जीटीएसला ५७०, तिथूनच. आणि जीटी३ ला ४७० मिळतात ते ६१०० आरपीएमला.

म्हणजे गावातून बाहेर पडताना, तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमवर पाय दाबलात तर सगळ्यात 'साधी' कॅरेरा जीटी३ पेक्षा जोरात उठते. जीटी३ जागी होते ती सहा हजारांच्या पुढे आणि थेट नऊ हजारांपर्यंत जाते. तो आवाज आणि तो चढ मी एका मित्राच्या गाडीत अनुभवला आहे. त्याच्यासारखं दुसरं काही मी अजून चालवलेलं नाही, हे मनापासून सांगते. पण मॅन्युअल जीटी३ दुसऱ्या गिअरमध्येच शंभराच्या बरीच पुढे जाते. म्हणजे ते संगीत पूर्ण ऐकायचं तर तुम्हाला रेसट्रॅक लागतो किंवा परवाना पणाला लावावा लागतो.

एस आणि कॅरेरात इंजिन तेच, तीन लिटरचं. एसचे टर्बो मोठे, ब्रेक मोठे (३३० मिलिमीटरऐवजी ३५० च्या डिस्क), चाकं एकेक इंचानं मोठी. शून्य ते शंभरला कॅरेरा ४.२ सेकंद घेते, एस ३.७. हा अर्धा सेकंद सिग्नलवर कळतो. वळणाच्या रस्त्यावर मला जाणवलं ते वेगळंच: एसमध्ये ८० च्या वेगाला इंजिनाला काही कामच नसतं. ती सतत आणखी मागत राहते. साध्या कॅरेरात त्याच वेगाला मला गिअर, ब्रेक, वळणाचं टोक सगळं हातात असल्यासारखं वाटलं.

तरी एस कुणी घ्यावी? ज्याला मागच्या चाकांचं स्टिअरिंग (म्हणजे मागची चाकंही थोडी वळतात) हवं आहे आणि टी नको आहे, तो इथून सुरुवात करतो, कारण साध्या कॅरेराला ते मिळत नाही. ज्याचे लांबचे ऑटोबान प्रवास खरोखर दर आठवड्याला होतात त्यानेही. १८० वर असताना पुढची गाडी बाजूला झाली की एस जशी निघते तशी कॅरेरा निघत नाही.

जीटीएसबद्दल माझं मत पक्कं आहे. रेसट्रॅकवर वर्षातून दोन-तीनदा जाणारा आणि बाकी वर्षभर तीच गाडी चालवणारा माणूस असेल तर ९९२ च्या पहिल्या आवृत्तीतली जीटीएस ही सगळ्या रांगेतली सर्वांत शहाणी गाडी आहे. टर्बो मॉडेलकडून आलेले ब्रेक, १० मिलिमीटर खाली बसवलेलं सस्पेन्शन, स्पोर्ट एक्झॉस्ट आणि स्पोर्ट क्रोनो (गाडी चालवायचे मोड बदलायचं पॅकेज) सगळं आधीच बसवून मिळतं. एसमध्ये हीच यादी एकेक करून जमवलीत तर किंमत जवळजवळ तिथेच पोचते आणि ब्रेक तरी ते मिळत नाहीत. फक्त तिच्या चाकांना मध्ये एकच मोठा नट असतो. तो काढायला खास सॉकेट आणि मोठा टॉर्क रेंच लागतो, साध्या टायरवाल्याकडे काम होत नाही. जिथे हिवाळी टायर वर्षातून दोनदा बदलावे लागतात तिथे हे लक्षात ठेवा.

टर्बो आणि टर्बो एस मी थोडक्यात उरकते. टर्बो एस २.७ सेकंदांत शंभरला जाते, ८०० न्यूटन मीटर, चारही चाकांना ताकद, वजन १६४० किलो. पावसात, बर्फात, रात्री, कुठल्याही रस्त्यावर कुणालाही बसवून भयंकर वेगानं नेणारी गाडी. मॅन्युअल मिळत नाही. माझ्या यादीतल्या एकाही रस्त्यावर तिची गरज नव्हती.

चौथी पायरी: क्लच हवा की नको, हे आधी ठरवा

हा प्रश्न शेवटी ठेवू नका, कारण तो अर्ध्या गाड्या परस्पर बाद करतो. ९९२ च्या पहिल्या आवृत्तीत साधी कॅरेरा फक्त आठ गिअरच्या पीडीके या ऑटोमॅटिकमध्ये येते. मॅन्युअल हवी तर टी, एस, जीटीएस किंवा जीटी३. टीला मॅन्युअलच मूळ, पीडीके मागितली तर मिळते. टी, एस, जीटीएसमध्ये सात गिअर, जीटी३ मध्ये सहा.

नव्या आवृत्तीत चित्र आणखी बदललं. कॅरेरा एसमधून मॅन्युअल गेली. जीटीएस हायब्रिड झाली, ३.६ लिटरचं नवं इंजिन, एक विजेवर चालणारा टर्बो, एकूण ५४१ अश्वशक्ती, पण मॅन्युअल नाही. टी मात्र आता फक्त मॅन्युअलमध्येच मिळते, सहा गिअरची. जुन्या आवृत्तीत मधोमध काट्याचा खरा आरपीएम मीटर आहे, नव्यात सगळा स्क्रीन. मला तो काटा हवा होता. ९११ मध्ये बसल्यावर नजर पहिल्यांदा तिथे जाते.

रोज रहदारीत अडकणार असाल तर पीडीके घ्या आणि मनात खंत ठेवू नका. ती इतकी चांगली आहे की घाटात तुमच्याआधी योग्य गिअर पकडते. मी मॅन्युअल निवडली, कारण १०० च्या मर्यादेत माझ्या हातापायांना काम हवं होतं.

पाचवी पायरी: व्हेरिएंटइतकंच वजन ऑप्शनला द्या

सेकंडहँड ९११ घेताना दोन 'एस' एकमेकींपासून इतक्या वेगळ्या असू शकतात की नाव सारखं आहे एवढंच म्हणायचं. नंतर बसवायला अवघड असलेल्या गोष्टी आधी पाहा.

पुढचा भाग वर उचलणारी लिफ्ट माझ्या मते यादीत पहिली. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार जिथे सपाट होतो तिथे, लिफ्ट नसलेली एक एस टेस्ट ड्राइव्हला आणली तेव्हा पुढच्या बंपरच्या ओठाचं प्लास्टिक खर्रकन घासलं. तो आवाज अजून कानात आहे. भारतात घेणाऱ्यांनी लिफ्ट नसलेली ९११ बघूच नये. तिथे तर मनात येतं की ९११ डाकार हीच आपल्या रस्त्यांची ९११: स्पोर्ट सस्पेन्शनच्या कॅरेरापेक्षा ५० मिलिमीटर उंच, शिवाय लिफ्टनं आणखी ३०. पण त्या जगभरात २५०० च बनल्या.

मागच्या चाकांचं स्टिअरिंग अरुंद पार्किंगमध्ये आणि घट्ट वळणांवर खूप उपयोगी पडतं. स्पोर्ट क्रोनो असेल तर स्टिअरिंगवर मोड बदलायची चकती असते. मोठी पेट्रोल टाकी, ६४ ऐवजी ९० लिटरची, लांब प्रवास करणाऱ्यांना फार आवडते. सिरॅमिक ब्रेक दिसले तर हुरळू नका. रेसट्रॅक नसेल तर त्यांचा फायदा म्हणजे चाकं काळी होत नाहीत एवढाच, आणि डिस्क बदलायची वेळ आली तर खर्च प्रचंड.

सहावी पायरी: एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा

सोमवारी पावसात कॅरेरा आणि शनिवारी उन्हात जीटीएस चालवून तुलना होत नाही. मी एका सकाळी टी आणि दुपारी जीटीएस मागितली आणि दोन्हींना तोच रस्ता दिला: लेओनबर्गहून ग्लेम्सएक, तिथून झोलिट्यूडच्या जुन्या रेसट्रॅकचे रस्ते. १९६५ पर्यंत तिथे शर्यती व्हायच्या, आता साधी रहदारी आणि वेगाच्या पाट्या आहेत. मला नेमकं तेच हवं होतं.

चाचणीत हे करून पाहा. पहिली दहा मिनिटं मोड नॉर्मलवर, रेडिओ बंद, खिडक्या बंद. टायरचा आवाज किती येतो ऐका. टीमध्ये काचा पातळ आणि आवाज अडवणारं साहित्य कमी आहे, मागच्या रुंद टायरची घरघर ऑटोबानवर सतत असते. मला चालली, माझ्या बाबांना नाही. ते उन्हाळ्यात आले होते आणि अर्ध्या तासानं म्हणाले, "बाळा, आपण बोलतोय की भांडतोय?" मग जो रस्ता तुम्हाला पाठ आहे त्यावरचा एखादा वाईट जोड, रेल्वे फाटक किंवा खडबडीत पट्टा ओलांडा. जीटीएस तिथे कडक वाटली, तरी उडाली नाही. शेवटी गाडी मागे घेऊन पार्क करा. खरेदीनंतर हे सगळ्यात जास्त वेळा कराल.

सातवी पायरी: गाडी सेकंडहँड असेल तर

इथे मी जवळजवळ फसले. एका विक्रेत्याकडे चकचकीत एस होती, चार वर्षांची, कमी चाललेली. टायरची नक्षी भरपूर शिल्लक, ते कौतुकानं दाखवत होते. मी खाली वाकून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढच्या टायरवर गाडी तयार झाली त्याच वर्षाचा आकडा, मागच्या दोन टायरवर मात्र त्याच्याही दोन वर्षं आधीचा. म्हणजे मागचे टायर दुसऱ्या कुठल्या गाडीचे जुने चढवलेले. शिवाय त्यांच्यावर 'एन' ची खूण नव्हती. पोर्शेनं मान्य केलेल्या टायरवर एन०, एन१ अशी खूण असते. विचारलं तर उत्तर आलं नाही. ज्यानं टायरमध्ये वाचवलं त्यानं आणखी कुठे वाचवलं असेल, म्हणून मी तिथून निघाले.

टायरनंतर इंजिनाची स्मृती वाचून घ्या. पोर्शेच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं याची सहा पातळ्यांत नोंद राहते आणि ते इंजिनाच्या कितव्या तासाला घडलं हेही कळतं. पीडीके चुकीचा खालचा गिअर टाकूच देत नाही. मॅन्युअलमध्ये मात्र पाचव्याऐवजी तिसरा पडू शकतो. वरच्या पातळ्यांत नोंदी असतील, आणि त्या अलीकडच्या असतील, तर ती गाडी सोडा. हा प्रिंट अधिकृत केंद्रात काढून मिळतो. विक्रेता नाही म्हणाला तर कारण विचारायचीही गरज नाही.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र घेऊन जा, पुढच्या बंपरखाली वाकून घासल्याच्या खुणा बघा आणि पोर्शेची अप्रूव्ह्ड वॉरंटी किती महिने शिल्लक आहे ते लेखी घ्या. वॉरंटी असलेली कॅरेरा आणि नसलेली एस एकाच किमतीला मिळत असतील तर मी डोळे मिटून कॅरेरा घेईन.

खर्चाचं एकच सांगते. एसचे मागचे टायर ३०५ रुंदीचे २१ इंची, कॅरेराचे २९५ चे २० इंची. विमा, टायर, ब्रेक, प्रत्येक ठिकाणी हा फरक दरवर्षी भरावा लागतो. सही करण्याआधी विमा कंपनीकडून दोन्ही व्हेरिएंटचा आकडा मागवा.

माझी यादी, लेकीची सीट आणि क्लच या तिघांनी मिळून उत्तर दिलं: टी, मागच्या सीटवाली, लिफ्टसह. अशी गाडी सापडायला पाच महिने लागले. ती फ्रायबुर्गजवळ मिळाली, राखाडी रंगाची, आणि मी ती ब्लॅक फॉरेस्टमधूनच घरी आणली. लेक मागे झोपली होती.